न ऐकवलेलं प्रूफ

आप्पा, तुम्हाला जाऊन चोवीस वर्षं झाली आणि एवढ्या वर्षांत मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही. सांगण्यासारखं पुष्कळ झालं. घरावर स्लॅब पडला, छापखान्याच्या जागी मोबाईलचं दुकान आलं, मी ऑफिसात हेडक्लार्क झालो, आणि तुम्हाला ज्याची धास्ती होती तेही झालं, मी लेखक झालो. दिवाळी अंकांत माझ्या गोष्टी येतात, वर्षाला दोन, कधी तीन. त्यांतल्या एका गोष्टीबद्दल तुमच्याशी बोलायचं आहे, कारण ज्यांच्याशी बोलायला हवं त्या माणसांसमोर माझं तोंड उघडत नाही. ती गोष्ट तुमच्या भाचीची आहे. आत्याची धाकटी, नाटे गावात दिलेली. तिच्या लग्नपत्रिकेचे शिशाचे खिळे छापखान्यात तुम्हीच जुळवले होतेत आणि प्रूफ घेऊन भर उन्हात आत्याकडे गेला होतात. नवरीला पत्रिका वाचून दाखवणारा कंपोझिटर त्या घराने पहिल्यांदाच पाहिला होता आणि सगळे हसले होते. ती हसली नव्हती. पदराचं टोक बोटाला गुंडाळत शेवटपर्यंत ऐकून ती म्हणाली होती, "मामा, माझं नाव जरा मोठ्या टायपात घाला."

तुम्हाला आताचं काही ठाऊक नाही, म्हणून आधी थोडं सांगतो. हल्ली प्रत्येकाच्या हातात फोन असतो आणि त्या फोनात स्टेटस म्हणून एक प्रकार असतो, शाळेतल्या फळ्यासारखा. त्यावर चार शब्द लिहायचे, ते ओळखीच्या सगळ्यांना दिसतात आणि दुसऱ्या दिवशी आपोआप पुसले जातात. कोणी कोणी ते पाहिलं त्यांची नावं, वेळेसकट, लिहिणाऱ्याला कळतात. या फळ्यावर माणसं काय काय लिहितात. कुणी फुलं टाकतं, कुणी देव टाकतं, आणि बरेच जण आपलं दुःख टाकतात. तुमच्या वेळी ज्याला दुःख जाहीर करायचं असे त्याला छापखान्याच्या पायऱ्या चढाव्या लागत. आता कुठे जावं लागत नाही. आमच्या ऑफिसातला शिपाईसुद्धा आठवड्यातून दोनदा लिहितो की या जगात कोणी कुणाचं नसतं, आणि मग डबा उघडून सगळ्यांना भाजी वाटतो.

माझ्या या आत्येबहिणीचं तसं नव्हतं. ती रोज सकाळी एकच ओळ टाकायची, आणि ती कुठून उचललेली नसायची. "घावणे केले. पहिला मोडला, तो मीच खाल्ला." एवढंच. दुसऱ्या दिवशी, "भाताला तीन वाट्या तांदूळ घेतले. मग आठवलं. एक वाटी परत डब्यात ओतली." एकदा, "पाऊस संपला तरी दाराशी छत्र्या तीन." विहिरीवर पंप बसला तेव्हा, "आता पाणी काढायला कोणी कुणाची वाट बघत नाही." आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर तिची चेष्टा चालायची. आजच्या बातम्या आल्या का, असं कोणीतरी विचारायचं. मी चेष्टा करत नव्हतो. मी एक दोनशे पानी वही आणली होती आणि ऑफिसात गेल्यावर, सही केली की, तिची मनात राहिलेली एखादी ओळ त्या वहीत उतरवून घेत होतो. अशा पन्नासेक ओळी जमल्या होत्या. तीस वर्षं मी गोष्टी लिहितो आहे आणि त्या वाटीभर तांदळाच्या जवळ जाईल असं एक वाक्य माझ्या हातून झालेलं नाही. याचा मला आनंदही व्हायचा आणि तिचा हेवाही वाटायचा. हेवा जास्त, हे तुमच्यापाशी कबूल करतो.

तिसरी वाटी कुणाची, तिसरी छत्री कुणाची, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. तिची एकुलती एक मुलगी तीन वर्षांपूर्वी स्वतःच्या मर्जीने लग्न करून पनवेलला गेली. मुलगा चांगला आहे, पण आपल्यातला नाही. भावोजी तेव्हाच मुंबईची नोकरी संपवून गावी आले होते. त्यांनी मुलीला सांगितलं, ही पायरी चढायची नाही, आणि बायकोला गणपतीसमोर शपथ घ्यायला लावून बजावलं की फोन करायचा नाही आणि आला तर घ्यायचा नाही. बहिणीने ते पाळलं. स्टेटसबद्दल त्यांना काही माहीतच नव्हतं, त्यामुळे त्याबद्दल ते काही बोलले नव्हते. हे मला तिनेच दाखवलं, गेल्या वर्षी गौरीच्या दिवशी, मागच्या पडवीत. भाजीचे हात पदराला पुसून तिने फोन काढला, नावांच्या यादीवर बोट ठेवलं आणि हळूच म्हणाली, "हे बघ दादा. नऊ वाजून दहा मिनिटं. कामावर पोचली की बघते. रविवार असला तर जरा उशिरा. रोज बघते हो. एक दिवस चुकवलान नाय."

मी विचारलं, तू तिच्यासाठीच लिहितेस?

"मग काय गावासाठी लिहिते? ती एवढं बघते ना, मला पुरतं तेवढं. कोणाला बोलू नको हां."

कोणाला बोलू नको, हे तिचे शब्द. मी बोललो नाही. मी लिहिलं.

आता तुमच्या छापखान्याकडे येतो, कारण तिथे यायला मी आजवर टाळत आलो. साप्ताहिकाच्या शेवटच्या पानावर निधनाच्या आणि वर्षश्राद्धाच्या चौकटी असायच्या, आणि त्या तुमच्याकडे असायच्या. तुमची एक रीत होती. मजकूर घेऊन आलेल्या माणसाला तुम्ही बाकावर बसवायचात, खिळे जुळवायचात, कच्चं प्रूफ काढायचात आणि ते त्याच्या हातात न देता स्वतः वाचून दाखवायचात. सावकाश, शिरा न ताणता. वाचता येणाऱ्या मास्तरांनासुद्धा. ते ऐकून माणूस हो म्हणाला की मगच चौकट आवळायची आणि मशीनवर चढवायची. मालक वैतागायचे, शुक्रवारी दुपारी मशीन थांबून राहायचं. तुम्ही म्हणायचात, कागदावर वाचताना माणूस शुद्धलेखन बघतो, कानाने ऐकलं की त्याला कळतं आपण काय बोललो ते. मी तेव्हा एकोणीस वर्षांचा, कॉलेजात, कविता करणारा. सुट्टीत तुमच्या हाताखाली यायचो आणि ही रीत मला जुनाट वाटायची.

त्या सुट्टीत आरे-वारेच्या बाजूची एक बाई आली होती. मासे विकणारी, चाळिशीची. नवरा जाऊन महिना झाला होता. भाचा मजकूर लिहून घेऊन आला होता, नेहमीचाच, भावपूर्ण श्रद्धांजली वगैरे. तुम्ही तिला विचारलंत, तुम्हाला काही घालायचं आहे का. तिने एक वाक्य सांगितलं. नवऱ्याच्या जेवणाच्या ताटाविषयी होतं. एवढंच लिहितो, जास्त लिहीत नाही. तुम्ही ते तिच्याच शब्दांत जुळवलंत, प्रूफ काढलंत आणि वाचून दाखवलंत. ऐकल्यावर तिने डोळ्यांना पदर लावला आणि म्हणाली, "नको वो. ता माझ्याजवळच ऱ्हाऊ दे." तुम्ही चिमट्याने ती ओळ उचललीत आणि एकेक खिळा आपापल्या खणात परत टाकलात. मी टेबलाशी उभा होतो. मला वाटलं, केवढी ओळ वाया गेली.

पुढच्या महिन्यात कॉलेजचा वार्षिक अंक तुमच्याच छापखान्यात आला आणि त्यात माझी कविता होती. त्या कवितेत ते ताट होतं. मी ते चार ओळींत फिरवून घातलं होतं आणि बाईचे शब्द तसेच ठेवले होते. ती कविता तुमच्याकडेच जुळणीला आली आहे हे मला ठाऊक नव्हतं. दुपारी डबा घेऊन आलो तर तुम्ही खिळ्यांच्या केसपाशी उभे, हातातल्या जुळणीच्या स्टिकमध्ये माझ्या ओळी. तुम्ही वर न बघता विचारलंत, "हे कुणाचं?" मी म्हटलं, माझं. तुम्ही म्हणालात, "तिनं काय सांगितलान ते ऐकलंस ना तू? जवळ ऱ्हाऊ दे म्हणाली ना ती?" मी काहीतरी बोललो, कवितेत नाव थोडंच घातलंय, कोणाला कळणार. तुम्ही रागावला नाहीत. रागावला असतात तर मी विसरून गेलो असतो. तुम्ही त्या चार ओळी बाजूला काढल्यात, पुडीच्या दोऱ्याने घट्ट बांधल्यात आणि माझ्या हातावर ठेवल्यात. "तिच्याकडे जा. वाचून दाखव. हो म्हणाली तर परत घेऊन ये, मी बसवतो." छापखान्याचा एक खिळा कधी खिशातून घरी न आणलेला माणूस मला अख्ख्या चार ओळींचे खिळे देत होता. मी गेलो नाही. आरे-वारे काही लांब नव्हतं, सायकलने तासाची वाट. कविता त्या ओळींवाचून छापली गेली, मधे मोकळी जागा सोडून, आणि मित्रांनी मला विचारलं की ही नवी पद्धत आहे का. मी हो म्हटलं. ती जुडी माझ्या टेबलाच्या खालच्या खणात आहे. दोरा काळा पडला आहे, सुटलेला नाही.

एवढं सगळं ठाऊक असून मी बहिणीची गोष्ट लिहिली. लिहिताना फार काळजी घेतली, असं मी स्वतःला सांगत होतो. नाट्याचं देवरूखकडचं एक गाव केलं, समुद्र काढून डोंगर घातला, मासळीच्या जागी काजू आणले, भावोजींना शिक्षक केलं. सगळं बदललं. बदलल्या नाहीत त्या फक्त तिच्या ओळी, कारण त्यांच्यापेक्षा बरं मला लिहिता येत नव्हतं. अकरा ओळी मी जशाच्या तशा घातल्या. नऊ वाजून दहा मिनिटंही घातली. आणि शेवट सुचेना तेव्हा, दिवाळी अंकाला चटका लागतो म्हणून, मुलीला निष्ठुर केलं. रोज बघते पण येत नाही अशी, आणि येते तेव्हा आई उरलेली नसते. तो शेवट वाचून संपादकांचा फोन आला. म्हणाले, या वर्षीची सगळ्यात चांगली गोष्ट. त्या दिवशी मी घरी जिलबी नेली.

धनत्रयोदशीला अंक हातात पडला. मी पानांचे फोटो काढले आणि कौतुकाने स्वतःच्या स्टेटसला लावले. यापुढे तुम्ही मला जे म्हणाल ते मला मान्य आहे. बहिणीची मुलगी, माझी भाची, माझंही स्टेटस बघते, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मला तेव्हा फक्त वाचक दिसत होते. दुसऱ्या दिवशी, अभ्यंगस्नान करून बसलो होतो, तिचा निरोप आला. "मामा, गोष्ट वाचली. आईच्या ओळी ओळखल्या. मी एकदा आले होते, गेल्या मे महिन्यात. कुंपणाच्या गडग्यापर्यंत आले, बाबा अंगणात होते म्हणून परत गेले. तुम्हाला ते माहीत नव्हतं. असू दे." मी त्याला उत्तर दिलं नाही. तीनदा लिहिलं आणि तीनदा पुसलं. वाक्यं चांगली होत नव्हती, आणि अशा वेळीही मी वाक्यं चांगली व्हायची वाट बघत होतो.

भाऊबिजेला दरवर्षीप्रमाणे नाट्याला गेलो. जाऊ नये असं वाटत होतं, पण न जाणं म्हणजे कबुली झाली असती. तिने पाट मांडला, रांगोळी काढली, ओवाळलं. तिने मला कानवले वाढले आणि समोर बसली. भावोजी बंदरावर गेले होते. मग म्हणाली, "वाचली हो तुझी गोष्ट. शेजारच्या पोरीनं मोठी करून दाखवलान. बरी लिहिलीस. मी मेले त्यात." आणि हसली. मी हातातला कानवला ताटात ठेवला. मी म्हटलं, चुकलं माझं. ती म्हणाली, "चुकलं का नाय ते तुला ठावं. मला एवढंच सांग, ती बघायची बंद का झाली? चार दिवस झाले. नाव नाय तिचं. फोन बदललान असेल का रे तिनं? तुमच्यात तसं होतं ना, नंबर बदलला की दिसत नाय?"

मी म्हटलं, असेल. नंबरच बदलला असेल.

आप्पा, मी तिच्या ओवाळलेल्या पाटावर बसून तिला हे सांगितलं. मुलीचा निरोप त्याच फोनात होता, शर्टाच्या खिशात.

तिने फोन माझ्यासमोर ठेवला. "मग आता तूच सांग काय टाकू. तू लेखक. असं काहीतरी सांग की तिला कुठूनतरी कळेल आणि बघील ती." मी नाही म्हणू शकलो नाही. एक ओळ सांगितली. ती म्हणाली, मोठ्याने वाच. मी वाचली. ती मान हलवून म्हणाली, "ही माझी वाटत नाय." दुसरी सांगितली, दिव्यांची. ती म्हणाली, "छान आहे, पण ती ओळखील मी नाय लिहिली ते." तिसरी निम्मी वाचून मीच थांबलो. तुमच्या बाकावर कितीतरी माणसं बसली असतील आणि तुम्ही त्यांना वाचून दाखवलं असेल. मी आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी त्याची ओळ वाचून दाखवत होतो आणि त्या माणसाला ती नको होती. शेवटी तिने फोन उचलून चुलीशेजारच्या फळीवर ठेवला आणि म्हणाली, "ऱ्हाऊ दे. आता काय टाकायचं म्हटलं की वाटतं, कोण कोण वाचील." त्या दिवसापासून तिने काही टाकलेलं नाही.

इथवर मी तुम्हाला सगळं सरळ सांगितलं. खरं तर पत्र इथेच संपवणार होतो, चुकलो म्हणून. पण तुम्ही प्रूफ ऐकवताना शेवटची ओळ कधी गाळायचा नाहीत.

भाऊबिजेहून आल्यावर एका वाचकाने माझ्या गोष्टीतली ती वाटीभर तांदळाची ओळ सुंदर अक्षरात लिहून मला पाठवली, खाली माझं नाव घालून. मी ती स्टेटसला लावली. सवयच. दुसऱ्या दिवशी सकाळी यादी बघितली तर तिच्यात भाचीचं नाव होतं. नऊ वाजून दहा मिनिटं. मी ऑफिसात कितीतरी वेळ ते नाव बघत बसलो. त्याच क्षणी बहिणीला फोन करायला हवा होता. सांगायला हवं होतं की नंबर बदललेला नाही, तिचं रोजचं बघणं मी जगजाहीर केलं म्हणून ती रागावली आहे माझ्यावर, पण तुझ्या शब्दांसाठी अजून येते आहे, तू लिही. मी फोन केला नाही. वही काढली आणि दुसऱ्या दिवशी तिच्यातली आणखी एक ओळ लावली, गोष्टीत न घातलेली. ती आली. तिसऱ्या दिवशी आणखी एक. ती रोज येते आहे, आता पाच आठवडे होतील. बाकीचे लोकही येतात, हात जोडतात, लिहितात की काय लिहिता हो तुम्ही. मी त्यांना आभार कळवतो. मनात म्हणतो की हे मी आईची आणि लेकीची गाठ तुटू नये म्हणून करतो आहे, आणि दिवसातली काही मिनिटं मला ते पटतंसुद्धा.

पण आपलं स्टेटस एखाद्याच माणसाला दिसू नये अशी सोय फोनात असते. पहिल्या आठवड्यातच मी ती करून ठेवली आहे. बहिणीच्या ओळी तेवढ्या बहिणीला दिसत नाहीत. काल तिचा फोन आला होता, कोकमं पाठवते म्हणाली, आणि मग विचारलं, "काय रे, नंबराचं काही कळलं?" मी म्हटलं, नाही. वही माझ्यासमोर उघडी होती. तिच्यात आता चारच ओळी उरल्या आहेत.